सात दिवस, चार बेटे : कॅरिबियन सहलीच्या जन्माची कथा

१/
१६ डिसेंबर १९०६ ची रात्र. जमैकाच्या किंग्स्टन बंदराच्या दिशेने एक पांढरेशुभ्र जर्मन जहाज येत होते. नाव ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’, म्हणजे जर्मन सम्राटाच्या कन्येचे. कप्तानाने स्थानिक वाटाड्याची वाट पाहिली नाही, दीपगृह ओळखण्यात त्याची चूक झाली आणि जहाज खडकांवर चढले. प्रवासी सुखरूप उतरले. कप्तान मात्र आपल्या खोलीत गेला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

२/
हे जहाज टपाल नेत नव्हते, स्थलांतरित नेत नव्हते, सैन्य तर नाहीच. १९०० साली पाण्यात उतरलेले हे जहाज केवळ हौसेच्या सफरींसाठी बांधलेले जगातील पहिले मोठे जहाज मानले जाते. त्यात १२० खोल्या होत्या आणि सगळ्याच पहिल्या वर्गाच्या. आज लग्नाच्या वाढदिवसानिमित्त ‘सात दिवसांत चार बेटे’ असा बेत आखणारे जोडपे ज्या कल्पनेवर विसंबते, तिचा आरंभ या फुटलेल्या जहाजापाशी सापडतो. त्या आरंभामागे डास आहेत, केळी आहेत, दारूबंदी आहे आणि अमेरिकेचा एक जुनाट कायदाही आहे.

३/
डासांपासून आरंभ करणे योग्य. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय मनुष्य वेस्ट इंडीजला मौजेसाठी जात नसे. तेथे साखर होती, गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली संपत्ती होती, आणि पीतज्वर होता. नेपोलियनने हैतीचे बंड मोडण्यासाठी पाठवलेले सैन्य या ज्वराने अक्षरशः गिळले. सेनापती लक्लेर १८०२ साली त्यातच गेला. क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली सांगितले की हा रोग डास पसरवतात. त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड आयोगाने १९०० साली हवानात प्रयोग करून तेच सिद्ध केले. त्या कामात जेसी लाझीअर हा डॉक्टर डास चावून मरण पावला. त्यानंतर हवानातील साचलेले पाणी हटवले गेले आणि १९०१ मध्ये शहर पीतज्वरातून मोकळे झाले.

४/
वर्ष पाहण्यासारखे आहे. १९०१ च्या आरंभीच ‘व्हिक्टोरिया लुईझे’ न्यूयॉर्कहून वेस्ट इंडीजच्या सफरीवर निघाली होती. तिच्या कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांचा हिशेब साधा होता : हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर प्रवासी मिळत नाहीत, मग जहाजे रिकामी का ठेवावीत? श्रीमंतांना उन्हाकडे न्यावे. ज्या समुद्राला शतकभर गोऱ्यांची स्मशानभूमी म्हटले गेले, तो दहा वर्षांच्या आत प्रकृतीस मानवणारा झाला. समुद्र तोच होता.

५/
पण जर्मन जहाजे मोजक्या धनिकांसाठी होती. मध्यमवर्गीय अमेरिकी माणूस या बेटांवर प्रथम पोहोचला तो केळ्यांच्या सोबतीने.

१८७० साली लोरेन्झो डो बेकर या मॅसॅच्युसेट्सच्या दर्यावर्दीने जमैकाहून केळ्यांचे घड आपल्या शिडाच्या जहाजातून जर्सी सिटीला नेऊन विकले. नफा एवढा झाला की पुढे बॉस्टन फ्रूट कंपनी निघाली आणि १८९९ मध्ये तिच्यासह इतर उद्योग एकत्र येऊन युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. केळे फार दिवस टिकत नाही. म्हणून जहाजे वेगवान हवीत, गोदामे थंड हवीत. उन्हाची तलखी कमी व्हावी म्हणून कंपनीने जहाजांना पांढरा रंग दिला. लोक त्यांना ‘ग्रेट व्हाइट फ्लीट’ म्हणू लागले.

६/
वेगवान, थंड, पांढऱ्या जहाजांत वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या की तेच प्रवासी जहाज होते. जाताना वर प्रवासी आणि खाली बरीच रिकामी जागा. येताना वर प्रवासी, खाली केळी. एकाच फेरीत दोन उत्पन्ने. प्रवाशांना उतरण्यासाठी जमैकाच्या पोर्ट अँटोनियोत टिचफील्ड हॉटेल होते, तेही याच कंपनीच्या छत्राखाली. एकाहून अधिक बंदरांची सफर ही प्रवाशाच्या कुतूहलातून आलेली नव्हती. फळ भरायला जहाजाला जिथे जिथे थांबावे लागे, तिथे तिथे प्रवासीही थांबत. पाहण्याची ठिकाणे फळाच्या वेळापत्रकाने ठरवली.

७/
त्या वेळापत्रकाची दुसरी बाजू धक्क्यावर दिसे. घड भरण्याचे काम रात्रभर चाले. बायका डोक्यावर घड घेऊन ओळीने येत. मोजणीदार एकेक घड मोजी. हॅरी बेलाफॉन्टे यांच्या आवाजात १९५६ साली जगभर पोहोचलेले केळ्यांच्या जहाजाचे ते गाणे मूळचे याच रात्रपाळीच्या मजुरांचे आहे. रात्र सरली, आता मोजणी करा आणि घरी जाऊ द्या, एवढीच त्यातली मागणी. पुढे पर्यटकांसाठीच्या मद्यशाळांत ते ‘बेटांचे आनंदगीत’ म्हणून वाजवले गेले, हा या इतिहासातील बोचरा विनोद.

८/
जमैकाच्या वसाहत सरकारलाही पर्यटनाचे स्वप्न पडले होते. साखरेचा भाव कोसळला होता. १८९० मध्ये हॉटेल बांधणाऱ्यांना सवलती देणारा कायदा झाला आणि १८९१ मध्ये किंग्स्टनला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. उद्घाटनाला राजपुत्र जॉर्ज, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, आले. तीन लाखांवर लोकांनी प्रदर्शन पाहिले. पण त्यांत बहुसंख्य जमैकाचेच रहिवासी होते. परदेशी पाहुणे आलेच नाहीत म्हणावेत इतके थोडे. हॉटेले तोट्यात गेली. त्यांच्यापैकी ‘मर्टल बँक’ १९०७ च्या भूकंपात पडले, पुन्हा बांधले गेले आणि पुढे युनायटेड फ्रूटच्याच हाती आले. कर्ज बेटाचे, इमारत कंपनीची : हा आकृतिबंध पुढेही वारंवार भेटतो.

९/
१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. हवाना फ्लोरिडाच्या टोकापासून सुमारे एकशे सत्तर किलोमीटरवर. तेथे रम होती, जुगार होता, घोड्यांच्या शर्यती होत्या. ऑक्टोबर १९२७ मध्ये पॅन अ‍ॅम या विमान कंपनीने की वेस्ट ते हवाना अशी नियमित टपालसेवा सुरू केली. लवकरच त्याच मार्गाने प्रवासीही जाऊ लागले. आठवड्याची सुट्टी पुरेल एवढे अंतर प्रथमच अस्तित्वात आले. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, सवय राहिली.

१०/
१ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता देश सोडून पळाला आणि क्युबात क्रांतीचे सरकार आले. पुढील तीन वर्षांत अमेरिकेने व्यापार तोडला. कॅरिबियन पर्यटनाचे सर्वांत मोठे केंद्र अमेरिकी प्रवाशासाठी एकाएकी बंद झाले. तो पैसा पोर्टो रिकोला, बहामासला, व्हर्जिन बेटांना गेला. एका मोठ्या बेटाच्या जागी पुष्कळ लहान बेटे आली. आणि लहान बेट एका दिवसात पाहून होते, म्हणून दुसरे हवे, तिसरे हवे.

११/
ही गरज ओळखणारे दोघे योगायोगाने एकत्र आले. नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टर यांच्याकडे ‘सनवर्ड’ नावाचे नवे कोरे जहाज होते. ते ब्रिटन ते जिब्राल्टर अशा प्रवासासाठी बांधले होते. पण स्पेनने जिब्राल्टरवरून वाद पेटवला आणि ब्रिटिश सरकारने परदेशी नेता येणाऱ्या पैशांवर मर्यादा घातली. प्रवासीच उरले नाहीत. इकडे मायामीत टेड अ‍ॅरिसन यांच्याकडे प्रवासी होते, जहाज नव्हते. १९ डिसेंबर १९६६ रोजी ‘सनवर्ड’ मायामीहून निघाली. तीन-चार दिवसांची नासाउ सफर, ठरलेल्या वारी, वर्षभर. दोघांचे पुढे बिनसले. अ‍ॅरिसन यांनी १९७२ मध्ये ‘कार्निव्हल’ काढली आणि तिचे पहिले जहाज पहिल्याच फेरीत मायामीबाहेर वाळूत रुतले.

१२/
येथे तो जुनाट कायदा येतो. १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी ध्वजाचे जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ शकत नाही. मायामीहून निघून मायामीलाच परतायचे असले, तरी वाटेत एखादे परकीय बंदर घ्यावेच लागते. बहुतेक क्रूझ जहाजे कर आणि कामगार कायदे टाळण्यासाठी पनामा किंवा बहामाससारख्या देशांचा ध्वज लावतात. म्हणून वाटेत नासाउ. प्रवाशाला वाटते, थांबा आपल्या आनंदासाठी आहे. पुष्कळदा तो कायद्याचे कलम पाळण्यासाठी असतो.

१३/
सहलीचा साचा मग यंत्रवत ठरला. जहाज रात्री चालते, सकाळी बंदरात असते, संध्याकाळी निघते. शनिवार-रविवारी सुरुवात, सात रात्री, तीन-चार बंदरे. प्रवाशाला सामान एकदाच उघडावे लागते; हॉटेल त्याच्याबरोबर फिरते.

१४/
‘जोडपे’ हा स्वतंत्र ग्राहक मानण्याचे श्रेय मात्र जहाजांचे नाही. जमैकात १९७० च्या दशकात राजकीय हिंसा वाढली. १९७६ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. पाहुणे घाबरले. तेव्हा जमैकन उद्योजक एब इसा यांनी ओचो रिओसजवळील आपल्या हॉटेलात १९७८ पासून फक्त जोडप्यांसाठी, सगळा खर्च आधीच घेतलेला, असा प्रकार सुरू केला. १९८१ मध्ये बुच स्टुअर्ट यांनी माँटेगो बेला ‘सँडल्स’ काढले. दोन्ही माणसे स्थानिक होती, हे विसरता येत नाही. बाहेरच्या कंपन्या पाठ फिरवत असताना त्यांनी हजारोंना काम दिले. पण जेवण, पेय, करमणूक सारे आतच मिळू लागल्यावर पाहुण्याला बाहेर पडण्याचे कारण उरले नाही. भिंतीपलीकडच्या टॅक्सीवाल्याच्या आणि भाजी विकणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातले कितीसे येणार?

१५/
आता चित्राची दुसरी बाजू. पाहुणा आठवड्यात चार बेटे पाहतो; बेटावरचा माणूस शेजारच्या बेटावर कसा जातो?

१९५८ मध्ये दहा ब्रिटिश वसाहतींनी मिळून ‘वेस्ट इंडीज संघराज्य’ स्थापन केले. जमैकापासून त्रिनिदादपर्यंत पसरलेल्या या देशाला एकत्र बांधायला रस्ता नव्हता. कॅनडाने दोन जहाजे भेट दिली : ‘फेडरल मेपल’ आणि ‘फेडरल पाम’. ती १९६१ मध्ये आली आणि बेटाबेटाला थांबत माणसे व माल नेऊ लागली. शेतकरी, विद्यार्थी, नातलग, बाजारकरी बायका. कॅरिबियन माणसाची स्वतःची बहुबेटी सफर ती हीच. त्याच वर्षी सप्टेंबरात जमैकाने सार्वमताने बाहेर पडण्याचे ठरवले. ३१ मे १९६२ रोजी संघराज्य विसर्जित झाले. जहाजे काही वर्षे चालत राहिली. ज्या देशासाठी ती आली होती, तो देश नव्हता.

१६/
या प्रदेशाच्या एकत्रपणाची उरलेली मोठी खूण म्हणजे क्रिकेटचा संघ, आणि विद्यापीठ. मराठी वाचकाला ही बेटे ओळखीची आहेत ती प्रामुख्याने क्रिकेटमुळे. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांचा भारतीय संघ किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन, ब्रिजटाउन आणि पुन्हा पोर्ट ऑफ स्पेन असा फिरला. सुनील गावसकर यांच्या ७७४ धावा आणि दिलीप सरदेसाई यांच्या ६४२ धावा सर्वांना पाठ असतात. हे पाच सामने चार वेगवेगळ्या देशांत झाले, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१७/
संघराज्य मोडल्याची किंमत बंदरावर कळते. एकेकटे बेट क्रूझ कंपनीशी काय घासाघीस करणार? १९९० च्या दशकात कॅरिबियन देशांनी दर प्रवाशामागे किमान १० डॉलर समान कर घेण्याचे ठरवले. ते टिकले नाही. कोणी कर वाढवला, तर जहाज शेजारच्या बेटाला जाते, ही भीती पुरेशी ठरली. त्यातच कंपन्यांनी स्वतःची ‘खासगी बेटे’ घेतली. बहामासमधील ग्रेट स्टिरप के १९७७ मध्ये क्रूझ कंपनीच्या मालकीचे झाले. १९८० च्या दशकात हैतीचा लाबादी हा किनारा दुसऱ्या कंपनीने भाड्याने घेतला आणि भोवती कुंपण घातले.

१८/
१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. मृतांची संख्या लाखांत मोजली गेली. तीनच दिवसांनी लाबादीला पर्यटकांचे जहाज लागले. जगभर संताप उसळला. कंपनीचे म्हणणे होते की जहाजांतून मदतीचे साहित्य आले आहे आणि तेथील शेकडो लोकांची रोजी त्या फेऱ्यांवर आहे. हैती सरकारनेही फेऱ्या चालू ठेवण्याच्या बाजूने मत दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कुंपणाच्या आत काही प्रवासी पोहले. काही जहाजावरून उतरलेच नाहीत.

१९/
अँटिग्वात जन्मलेल्या जमैका किंकेड यांनी १९८८ साली ‘अ स्मॉल प्लेस’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात त्या थेट पर्यटकाशी बोलतात आणि त्याला त्याच्या नजरेआडचे बेट दाखवतात. या विषयात रुची असणाऱ्यांनी सहलीचे माहितीपत्रक वाचण्याआधी ते वाचावे.

२०/
त्याच अँटिग्वातून ‘लिआट’ नावाची छोटी विमान कंपनी चाले. फ्रँक डेलील यांनी १९५६ मध्ये माँटसेराट बेटावर ती सुरू केली होती. उशीर, हरवलेले सामान, यांमुळे तिची थट्टा पुष्कळ होई. पण परीक्षेला, रुग्णालयात, लग्नाला, मयताला लोक तिनेच जात. जानेवारी २०२४ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी जवळपास त्याच नावाची नवी कंपनी उभी राहिली, पण दरम्यानच्या महिन्यांत पूर्वेकडील कित्येक बेटांच्या रहिवाशांना डोळ्यांना दिसणाऱ्या शेजारच्या बेटावर जाण्यासाठी तिसऱ्याच बेटाला वळसा घालावा लागत होता. बंदरात त्या वेळी जहाजे नेहमीप्रमाणे सकाळी लागत होती आणि संध्याकाळी निघत होती.