दिल्लीच्या दोन काविळी

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. आजचा विषय मात्र यकृताचा आहे, ज्याला आपण सर्रास लिव्हर म्हणतो. निवृत्तीनंतर मी दिल्लीच्या परिसरात राहतो, आणि या आजाराच्या इतिहासातली काही महत्त्वाची पानं याच शहरात लिहिली गेली आहेत. म्हणून हा भाग.

सुरुवात 1955 पासून करू. त्या वर्षी यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरताना नदीचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलट फिरून वजीराबादला पोचलं. शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच उचललं जायचं. डिसेंबर 1955 ते जानेवारी 1956 या काळात दिल्लीत सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. गरोदर बायकांना तिचा फटका सर्वांत जास्त बसला. चमत्कारिक गोष्ट अशी, की पाण्यात क्लोरीन वाढवल्यामुळे टायफॉइड वाढला नाही, पण कावीळ पसरली. डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा सविस्तर अभ्यास लिहून ठेवला. त्या काळच्या समजुतीनुसार सगळ्यांनी तिला साधी कावीळ, म्हणजे आजची हिपॅटायटिस ए, मानलं.

त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. 1980 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी, तसंच अमेरिकेतले शास्त्रज्ञ, यांनी ते तपासले. उत्तर आलं : ही ए नाही आणि बी पण नाही. मग कोणती? याचा धागा पुढे एका सैनिकी छावणीतून मिळाला. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैनिकांना कावीळ होत होती. मिखाईल बलायान या शास्त्रज्ञाने त्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला, स्वतः आजारी पडला आणि 1983 साली नवा विषाणू दाखवून दिला. त्याला पुढे ‘ई’ हे नाव मिळालं. दिल्लीची 1955 ची साथ त्याचीच होती.

‘ए नाही, बी नाही’ या पाटीखाली आणखी एक आजार दडलेला होता. तो पाण्यातून येत नव्हता, रक्तातून येत होता. अमेरिकेत हार्वे आल्टर यांनी सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं, की रक्त चढवलेल्या काही रुग्णांना ना ए असते ना बी, तरीही यकृत बिघडतं. 1989 मध्ये मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी त्या विषाणूचा माग काढला. तो हिपॅटायटिस सी. या शोधमालिकेला 2020 चं नोबेल मिळालं.

दोघांच्या स्वभावात मोठा फरक आहे. ई धाड घालून येतो आणि बहुधा काही आठवड्यांत निघून जातो. सी घरात मुक्काम ठोकतो. बहुतेकांना डोळे पिवळे झाल्याचंही आठवत नाही. जुनाट संसर्ग असलेल्या शंभरातल्या साधारण पंधरा ते तीस जणांना वीस वर्षांत सिरॉसिस होतो.

आपल्याकडे तेव्हा रक्त विकणारे धंदेवाईक दाते होते. दिल्लीतल्या ‘कॉमन कॉज’ या एच. डी. शौरी यांच्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी 1996 मध्ये निकाल लागला आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्ताची विक्री बंद झाली. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी 2001 मध्ये सक्तीची झाली. म्हणजे विषाणू सापडल्यापासून बारा वर्षांनी.

या तारखांमध्ये माणसं अडकलेली आहेत. माझ्या ओळखीचे सातारा जिल्ह्यातले एक सुभेदार साहेब, गळ्यात तुळशीची माळ, दारूला कधी शिवले नाहीत. 1987 साली सुट्टीवर असताना अपघात झाला आणि रक्त चढवावं लागलं. 2013 मध्ये गुरुग्रामला मुलाकडे असताना त्यांना रक्ताची उलटी झाली. सिरॉसिस म्हटल्यावर नातेवाईक कुजबुजले, ‘फौजी माणूस, रम घेतलीच असणार.’ ते मला म्हणाले, ‘साहेब, आजाराचं काही वाटत नाही. हे बोलणं लागतं.’

रक्ताची उलटी का होते? आतड्यांकडून येणारं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. यकृत व्रणांनी कडक झालं की रक्ताला वाट मिळत नाही, दाब वाढतो. मग ते आडवाटेने अन्ननलिकेतल्या बारीक शिरांत घुसतं. त्या फुगतात आणि एक दिवस फुटतात. त्याच दाबामुळे पोटात पाणी साठतं, म्हणजे जलोदर. यकृत गाळू शकत नाही ती विषारी द्रव्यं मेंदूवर परिणाम करतात : माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बोलताना गोंधळतो. घरचे म्हणतात, म्हातारपण आलं. आणि शेवटचा धोका यकृताच्या कर्करोगाचा.

फुटणाऱ्या शिरांवर दिल्लीत मोठं काम झालं. गोविंद बल्लभ पंत रुग्णालयातल्या डॉ. शिवकुमार सरीन यांनी 568 रुग्णांच्या अभ्यासावरून जठरातल्या फुगलेल्या शिरांचं वर्गीकरण 1992 मध्ये मांडलं. ते आज जगभर त्यांच्या नावाने ओळखलं जातं. 1999 मध्ये त्यांच्या चमूने दाखवलं, की ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त आहे, त्यांच्या शिरांना आधीच रबरी बँड बांधले तर तो बराच टळतो. सुभेदार साहेबांनाही असेच बँड लावले होते, पण रक्तस्राव झाल्यानंतर.

विषाणूवरची गोळी अमेरिकेत 2013 अखेर आली. किंमत एका गोळीला हजार डॉलर. 2014 च्या परवान्यांनंतर भारतीय कंपन्या ती बनवू लागल्या आणि किंमत कोसळली. साधारण बारा आठवड्यांच्या औषधाने शंभरातले पंचाण्णव बरे होतात. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत मिळतं. सुभेदार साहेबांचा विषाणू 2016 मध्ये गेला. पण व्रण राहिले, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आजही चालू आहे. शत्रू हटला तरी सुरुंग जमिनीत राहतात, हे फौजेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा मंडळी, 2001 च्या आधी तुम्हाला किंवा घरात कुणाला रक्त चढवलं असेल, मोठं ऑपरेशन झालं असेल, किंवा उकळून वापरायच्या काचेच्या सिरिंजने वारंवार इंजेक्शनं घेतली असतील, तर सी ची रक्ततपासणी एकदा करून घ्या. सिरॉसिस असेल तर औषध संपल्यावरही सोनोग्राफी सोडू नका. आणि कुणाचं लिव्हर खराब झालं असं कानावर आलं, तर आधी बाटलीचा हिशोब मांडू नका. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.