धारावी बिएनाले

धारावी बिएनाले : मुंबईतील धारावी वस्तीत फेब्रुवारी-मार्च 2015 मध्ये भरलेले लोकसहभागी कलाप्रदर्शन. 'अ‍ॅली गल्ली बिएनाले' या नावानेही ते ओळखले जाते. बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे प्रदर्शन. ही प्रथा व्हेनिसमध्ये 1895 साली सुरू झाली.

1999 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी स्थापलेल्या 'स्नेहा' या संस्थेने हे प्रदर्शन घडवले. माता-बालकांचे आरोग्य आणि स्त्रियांवरील हिंसा हे संस्थेचे मूळ कार्यक्षेत्र. संयोजन नायरीन दारूवाला व डेव्हिड ऑस्रिन यांचे होते, तर अर्थसाहाय्य ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे. याआधी संस्थेने 'देखा अनदेखा' हा कला व आरोग्याचा उपक्रम केला होता.

कला, आरोग्य आणि भंगाराचा पुनर्वापर हे प्रदर्शनाचे तीन धागे. टाकाऊ वस्तूंतून कला करण्याचे कौतुक इतरत्र होते; धारावीत मात्र टाकाऊ असे फारसे काही नसतेच. वस्तीतल्या तेरा कंपाउंड या भागातल्या गाळ्यांत प्लास्टिक जात आणि रंग पाहून वेगळे काढतात, तुकडे करून धुतात, वाळवतात आणि वितळवून त्याचा दाणा करतात. डबे, पुठ्ठा, चिंध्या, सगळ्यालाच गिऱ्हाईक असते. त्यामुळे इथे कलावस्तूत गेलेला प्रत्येक तुकडा आधी बाजारातला माल असतो. वस्तीत शिंपी, भरतकाम करणारे, चामड्याचे कारागीर आणि कुंभारवाड्यातले कुंभार यांच्या हातांत कसब आधीपासूनच होते. बाहेरून आलेल्या कलावंतांनी कार्यशाळांतून त्याला विषय दिला, असे म्हणणे अधिक रास्त.

स्त्रियांनी कापडावर शिवलेला धारावीचा नकाशा ही यातली सर्वांत बोलकी कृती. घरात हिंसा सोसल्याच्या खुणा त्या-त्या जागी टाक्यांनी दाखवल्या होत्या. जे पोलीस ठाण्यातही सांगणे जड जाते, ते गोधडीच्या ओळखीच्या कामातून मांडता आले.

चंदीगडचे नेकचंद यांचे रॉक गार्डन (1976 मध्ये खुले) किंवा कुवेतच्या कादिसिया भागात लिडिया अल-कत्तान यांनी आरशांच्या तुकड्यांनी मढवलेले घर यांचा उल्लेख टाकाऊ वस्तूंतून घडलेल्या कलेच्या संदर्भात करता येतो. पण ती मुळात एकेका व्यक्तीच्या ध्यासाची निर्मिती. तिथले लोक प्रेक्षक. धारावीत रहिवासीच कर्ते होते, आणि सहभाग या शब्दाला तेवढ्यानेच अर्थ येतो.

2016 मध्ये धारावीतच 'डिझाइन म्युझियम धारावी' हे चाकांवरचे फिरते संग्रहालय सुरू झाले. त्यात तिथल्या कारागिरांनी घडवलेल्या वस्तू मांडल्या गेल्या.