लोणारचें विवर आणि परग्रहावरील जीव



या अफाट विश्वांत आपल्याखेरीज दुसरें कोणी आहे काय, हा प्रश्न मनुष्यास फार प्राचीन काळापासून पडत आला आहे. त्याच्या उत्तरासाठीं गेल्या साठ-सत्तर वर्षांत यानें धाडण्यांत आलीं, प्रचंड दुर्बिणी उभारल्या गेल्या. परंतु या शोधाचा एक धागा आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतून जातो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. शेगांवास येणारे कित्येक यात्रेकरू लोणारहि पाहून जातात. पण दैत्यसूदनाचें देवालय व सरोवर पाहून परततांना, आपण आकाशांतून आलेल्या एका पाहुण्याच्या पाउलखुणेवर उभे होतों, असें किती जणांस जाणवत असेल?

लोणारचें विवर एक मैलाहून अधिक रुंद असून सुमारें ५०० फूट खोल आहे. लोककथा सांगते कीं, येथें भूमीखालीं लवणासुर दडून राहिला होता व विष्णूनें त्याचा वध केला. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. पुढें भूगर्भशास्त्रज्ञांनीं हें ज्वालामुखीचें मुख असावें असा तर्क बांधला. सारें दख्खनचें पठारच लाव्ह्याचें. तेव्हां हा तर्क साहजिक होता. कथेनें आणि शास्त्रानें, दोघांनींहि उत्तर भूमीखालीं शोधलें. तें होतें मस्तकावर. १९७३ सालीं भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं येथील खडकांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांत फेल्डस्पार हें खनिज न वितळतांच कांचरूप झालेलें आढळलें. असा पालट ज्वालामुखीच्या उष्णतेनें होत नाहीं, भयंकर आघातानेंच होतो. विवर उल्केचें, हें सिद्ध झालें. त्याच्या वयाविषयीं मात्र अद्याप एकमत नाहीं. एका पद्धतीनें तें सुमारें ५२ हजार वर्षें भरतें, तर दुसरीनें सुमारें ५ लाख ७० हजार.

आतां मंगळाकडे वळूं. गेल्या शतकाच्या आरंभीं पर्सिव्हल लॉवेल या अमेरिकन ज्योतिषानें मंगळावर कालवे दिसतात, सबब तेथें बुद्धिमान प्राणी आहेत, असें मोठ्या आग्रहानें मांडलें. १९६५ सालीं मॅरिनर ४ या यानानें जवळून छायाचित्रें धाडलीं, तेव्हां कालवे दिसले नाहींत; दिसलीं तीं विवरें. मंगळाच्या पृष्ठभागावर, आमच्या पठाराप्रमाणेंच, बसाल्ट हा काळा दगड विपुल आहे, आणि पृथ्वीवर अशा दगडांत उल्केनें खोदलेलीं विवरें अत्यंत विरळा आहेत. म्हणून मंगळाचा दगड वाचूं पाहणाऱ्यांस लोणार ही एक बाराखडीच आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं पर्सिव्हिअरन्स हें यान मंगळावरील येझेरो विवरांत उतरलें, तेंहि तेथें एके काळीं सरोवर होतें म्हणूनच. विवर, त्यांत सांठलेलें पाणी, आणि पाण्यांत कदाचित् जीव: ही सांखळी लोणारांत आपणांस प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

लोणारचें पाणी खारट व तीव्र क्षारयुक्त आहे. त्यांत जीव तग धरणार नाहीं, असें सामान्य मनुष्यास वाटेल. तथापि जून २०२० मध्यें हें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें कीं, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा हा प्रताप आहे. ज्या जागीं प्रलय झाला, तेथेंच जीवानें पुन्हां बिऱ्हाड थाटलें!

मराठी माणसानें या शोधांत स्वतःहि पाऊल टाकलें आहे. कोल्हापुरास जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानें २००१ व २००५ सालीं हैदराबादेहून फुगे सोडून, जमिनीपासून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यांत आले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सांपडल्याचें २००९ मध्यें जाहीर झालें. एकीस नारळीकरांचे गुरु फ्रेड हॉईल यांचें, तर दुसरीस आर्यभटाचें नांव मिळालें. मात्र ते जीव परलोकींचेच आहेत असा दावा त्या मंडळींनीं केला नाहीं. लॉवेलचा आग्रह आणि हा संयम शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे शास्त्र कोठें राहतें तें कळतें.

नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांनीं उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या, ३० तबकड्या आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्यें युरोपचें श्यापारेली यान मंगळावर उतरत असतां त्याचा क्षीण आवाज याच दुर्बिणीनें टिपला. आणि उतरण्यापूर्वीं कांहीं क्षण तो थांबला, हेंहि तिनेंच ऐकलें. कोट्यवधि मैलांवरील एवढीशी कुजबूज जुन्नर तालुक्यांत ऐकूं येते! दूरच्या कोण्या बुद्धिमान जीवाची हांक मात्र अद्याप कोणत्याहि देशाच्या दुर्बिणीस ऐकूं आलेली नाहीं.

मी केवळ मॅट्रिक झालेला निवृत्त शाळामास्तर. या यंत्रांचें गणित मला अवगत नाहीं. पण एक हिशेब मलाहि मांडतां येतो. परग्रहावर एखादा सूक्ष्मजीव गवसला, तर त्याच्या रक्षणासाठीं राष्ट्रें धांवतील. लोणारचे सूक्ष्मजीव मात्र गांवच्या सांडपाण्यानें सरोवराचा क्षार उतरूं लागला तरी मुकाट्यानें नाहींसे होतील. अभ्यासकांनीं याविषयीं वारंवार इशारा दिला आहे. २०२० सालीं या सरोवरास आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादींत स्थान मिळालें, हें योग्यच झालें. पण यादींत नांव आल्यानें गटार वळत नाहीं. तें माणसांनींच वळवावें लागतें. आकाशांतील शेजाऱ्याचा शोध अवश्य चालूं द्यावा. त्याची भेट केव्हां होईल तें कोणी सांगावें? लोणारचा शेजारी मात्र आजच आपल्या हातीं आहे.