वाटा आणि पोटगी

घरात अपंग मूल जन्मास आले, की आईबापांच्या मनात एक प्रश्न मुक्कामालाच येतो. मूल लहान असते तोवर तो ओठांवर येत नाही. बापाचे केस पिकू लागले, की मग तो रात्रीची झोप घेऊ देत नाही. 'आमच्या माघारी याचे कसे होणार?' हा तो प्रश्न होय. तो मायेचा आहे, तसाच पैशाचाही आहे. आणि पैशाचा आहे म्हणूनच कायद्याचाही आहे. भारतीय समाजाने त्याला वेळोवेळी जी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास दोन जुन्या शब्दांभोवती फिरतो. एक शब्द 'वाटा' आणि दुसरा 'पोटगी'. वाटा मिळतो तो धन्याला. पोटगी मिळते ती आश्रिताला.

प्राचीन धर्मशास्त्राने अपंगाला पोटगी दिली, वाटा दिला नाही. जन्मांध, जन्मबधिर, मुका, वेडा, जड बुद्धीचा अशांना मनुस्मृतीने वडिलोपार्जित धनातून वगळले. परंतु त्यांना आमरण अन्नवस्त्र न देणारा पतित होतो, असेही त्याच ठिकाणी बजावले. याज्ञवल्क्याची भूमिका हीच होती. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, आणि पुढे भारताच्या बहुतेक भागात तिलाच कायद्याचे स्थान मिळाले. विज्ञानेश्वराने या नियमाची धार थोडी बोथट केली. वाटणी होण्यापूर्वी व्यंग असेल तरच वाटा जातो, एकदा मिळालेला वाटा नंतर आलेल्या व्यंगामुळे परत घेता येत नाही. औषधोपचाराने व्यंग दूर झाले, तर वाटणीनंतरही वाटा मिळतो. आणि अशा पुरुषाचा मुलगा निर्दोष असेल, तर त्याचा हक्क अबाधित राहतो, असे त्याने सांगितले.

कौटिल्याची दृष्टी राज्यकर्त्याची. त्यानेही अशांना अन्नवस्त्रावरच ठेवले. मात्र ऐपत असून बायकामुलांना व आईबापांना न पोसणाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितला, आणि आंधळ्याला 'सुंदर डोळ्यांचा' म्हणून उपहासाने हिणवणाऱ्यालाही तेवढाच दंड लावला. अपंगाची उपासमार आणि अपंगाचा अपमान, दोन्ही गोष्टी राज्याच्या नजरेत होत्या. नजरेत नव्हती ती त्याची मालकी.

ही व्यवस्था एकत्र कुटुंबाच्या आधारावर उभी होती. घरात दहा माणसे जेवत तेथे अकरावे पान जड होत नसे. परंतु पोटगीची गोष्ट अशी, की ती देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. भाऊ चांगला निघाला, तर अंध भावाचे आयुष्य सुखाने जाई. भावजय कठोर निघाली, तर ते माजघराच्या कोपऱ्यात सरे. पुढे गिरण्या, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांनी तरुणांना गावाबाहेर नेले, घरे विभागली गेली, आणि वाट्याविना राहिलेल्या माणसाचा आधार प्रथम ढासळला.

१९२८ साली कायद्याने पहिले मोठे पाऊल टाकले. हिंदू वारसाविषयक अपात्रता दूर करणाऱ्या त्या वर्षीच्या कायद्याने रोग, व्यंग अथवा शारीरिक वा मानसिक दोष एवढ्याच कारणाने कोणाचाही वाटा जाणार नाही, असे ठरविले. तथापि जन्मापासून वेडा किंवा जडबुद्धी असलेला मनुष्य या सवलतीबाहेरच राहिला. अंधाला वाटा मिळाला, मुक्याला मिळाला. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नव्हती, तोच पुन्हा पोटगीवर राहिला. ही उणीव १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने भरून काढली. त्याच्या २८ व्या कलमाने रोग, दोष अथवा व्यंग यांमुळे कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. स्मृतिकाळापासून चालत आलेले एक दार अशा रीतीने एका वाक्याने उघडले.

पण वाटा मिळाला, तरी तो सांभाळणार कोण? मालकी कागदावर येते. व्यवहार माणसाला करावा लागतो. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अज्ञानांपुरता होता. मूल अठरा वर्षांचे झाले, की आईबाप कायद्याच्या दृष्टीने त्याचे पालक राहत नसत, मग त्याची समज चार वर्षांच्या मुलाएवढी का असेना. १९१२ च्या वेडेपणाविषयक कायद्याने, त्याची भाषा कितीही कठोर असली तरी, अशा प्रौढांच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याची सोय ठेवली होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती भाषा बदलली आणि मतिमंदत्वाला मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळले. वैद्यकाच्या दृष्टीने हे योग्यच होते, कारण मतिमंदत्व हा आजार नव्हे. परंतु १९९३ साली तो कायदा अमलात आला, तेव्हा या प्रौढांसाठी पालक नेमण्याचा सरळ मार्गच उरला नाही. एका न्याय्य सुधारणेतून अशी एक अडचण निपजली.

या पोकळीची झळ आईबापांना बसली, आणि मार्ग काढण्यात आईबापच पुढे होते. मुंबईत १९४४ साली जय वकील आणि होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीसाठी जी शाळा काढली, ती पुढे शेकडो घरांची झाली. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' ही प्रौढ मतिमंदांच्या निवासाची संस्था उभारली. देशभरच्या अशा पालकसंघटनांच्या मागणीला १९९९ साली राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने उत्तर दिले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो झाला. न्यासाला १०० कोटी रुपयांचा निधी देण्यात आला. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती यांची स्थानिक समिती पालक नेमू लागली. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी आणि दरवर्षी हिशेब सादर करावा, असे बंधन आले. भावाच्या चांगुलपणाला हिशेबाची जोड मिळाली, हे या कायद्याचे खरे महत्त्व होय.

दुसरीकडे पोटगीचे काम हळूहळू सरकारनेही अंगावर घेतले. १९६४ पासून केंद्र सरकारच्या नोकरांसाठी कुटुंबनिवृत्तिवेतनाची योजना सुरू झाली, आणि कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला ते आजीव मिळण्याची तरतूद पुढे तिच्यात आली. मात्र अपत्याचे उत्पन्न एका ठरावीक मर्यादेपुढे गेले, तर हे वेतन थांबत असे. बापाने काटकसर करून मुलाच्या नावे ठेव ठेवावी, आणि त्या ठेवीच्या व्याजानेच मुलाचे वेतन जावे, असा उलटा प्रकार त्यातून संभवत होता. २०२१ साली ही मर्यादा शिथिल करून ती मृत कर्मचाऱ्याच्या वेतनाशी जोडण्यात आली. ज्यांच्या घरी सरकारी नोकरी नव्हती, अशा दारिद्र्यरेषेखालील तीव्र अपंगांसाठी २००९ साली केंद्राने निवृत्तिवेतन सुरू केले. केंद्राकडून मिळणारी त्याची रक्कम प्रथम दरमहा २०० रुपये होती, पुढे ३०० झाली. या आकड्यांवर भाष्य करण्याची गरज नाही.

प्राप्तिकराच्या कायद्यातही हाच जुना विचार डोकावतो. १९६१ च्या कायद्यातील कलम ८० डीडीने अपंग आश्रितासाठी विमा घेणाऱ्या पालकाला करसवलत दिली. पण विम्याची रक्कम पालकाच्या मृत्यूनंतरच मिळावी, अशी अट घातली. पालक सेवानिवृत्त झाला, मिळकत आटली, मुलाचा खर्च वाढला, तरीही पैसा हाती येण्यासाठी त्याच्या मरणाचीच वाट पाहावी लागे. याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ते कलम रद्द करण्यास नकार दिला, परंतु गाऱ्हाण्यात तथ्य आहे हे ओळखून केंद्राला फेरविचार करण्यास सांगितले. २०२२ च्या वित्त कायद्याने पालकाला साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, त्याच्या हयातीतही, ही रक्कम मिळू दिली. बापाच्या डोळ्यांदेखत मुलाची सोय लागावी, एवढी साधी गोष्ट कायद्यात उतरण्यास इतकी वर्षे लागली.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने या इतिहासाला नवे वळण दिले. दिव्यांगाला मालमत्ता धारण करण्याचा, वारसाने मिळविण्याचा आणि आपला आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा अधिकार आहे, असे त्याने मान्य केले. आणि पालकत्वसुद्धा मर्यादित, म्हणजे त्या व्यक्तीच्या इच्छेचा विचार घेऊन चालणारे असावे, असे म्हटले. पोटगीकडून वाट्याकडे निघालेला प्रवास येथे वाटेकऱ्याच्या मताशी येऊन पोहोचला.

तरीही कायदा घरात आपण होऊन येत नाही. त्याला कागदाने बोलवावे लागते. अपंगत्वाचा दाखला, मृत्युपत्र, विश्वस्तनिधी, नेमलेला पालक आणि त्याच्यानंतरचा दुसरा पालक, ही सारी तजवीज आईबापांच्या हातून व्हावयाची असते. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकाला अपंग अपत्याचे नाव आपल्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या आदेशात नोंदवून घेता येते. ही नोंद राहून गेली, तर पुढे तेच काम त्या अपत्याला, किंवा त्याच्या वतीने थकलेल्या नातलगाला, कचेरीच्या पायऱ्या झिजवून करावे लागते. 'आमच्या माघारी कसे होणार?' हा प्रश्न माघारीचा असला, तरी त्याचे उत्तर हयातीतच लिहून ठेवावे लागते.