पोर्ट्‌समथ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हँपशर राज्याचे ऐतिहासिक बंदर. लोकसंख्या २१,९५६ (२०२०). बॉस्टनच्या उत्तरेस सु. ९० किमी.वर, पिस्कॅटक्वा नदीच्या मुखाशी ते वसले असून पैलतीरावर मेन राज्य आहे. १६३० मधील स्ट्रॉबेरी बँक या इंग्रज वसाहतीस १६५३ मध्ये सध्याचे नाव मिळाले. १७७५ पर्यंत ही प्रांताची राजधानी होती.

शहराचा वसाहतकालीन इतिहास बव्हंशी वेंटवर्थ घराण्याचा इतिहास आहे. जॉन वेंटवर्थ १७१७ ते १७३० पर्यंत उपगव्हर्नर होता. त्याचा मुलगा बेनिंग (१६९६–१७७०) १७४१ मध्ये गव्हर्नर झाला आणि पंचवीस वर्षे त्या पदावर राहिला. राजाच्या जंगलांची देखरेखही त्याच्याचकडे आली. आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखलेल्या उंच पांढऱ्या पाइनवर कुऱ्हाडीच्या तीन घावांनी बाणाची खूण करीत. ही खूण राखणारा बेनिंग आणि डोलकाठ्यांचा मोठा व्यापारी त्याचा सख्खा भाऊ मार्क, त्यामुळे सत्ता व व्यापार एकाच घरात होते.

१७४९ पासून बेनिंगने कनेटिकट नदीच्या पश्चिमेस सव्वाशेहून अधिक गावांच्या सनदा दिल्या. पहिल्या गावाला त्याने स्वतःचेच नाव दिले : बेनिंग्टन. बहुतेक सनदांत पाचशे एकर गव्हर्नरसाठी राखून ठेवलेले असत. नकाशात तो तुकडा ‘बी. डब्ल्यू.’ या अक्षरांनी दाखवीत. अबेनाकी लोकांच्या या भूमीवर न्यूयॉर्कचाही दावा होता. १७६४ मध्ये राजाने तो मान्य केला, परंतु सनदधारक हटले नाहीत. त्यांच्याच लढ्यातून पुढे व्हरमाँट राज्य (१७९१) झाले. एका गव्हर्नरच्या हावेचा एवढा दूरगामी परिणाम विरळाच.

विधुर बेनिंगने १७६० मध्ये घरची नोकर मार्था हिल्टन हिच्याशी लग्न केले. लाँगफेलोने या प्रसंगावर कविता लिहिली आहे. बेनिंगची मुले त्याच्याआधीच वारल्याने मालमत्ता मार्थाकडे गेली. पुतण्या जॉन हा अखेरचा शाही गव्हर्नर (१७६७–७५). डार्टमथ महाविद्यालयाची सनद (१७६९) त्याने दिली. १७७५ मध्ये जमावाने त्याच्या दाराशी तोफ आणून उभी केली, तेव्हा त्याने कुटुंबासह किल्ल्याचा आश्रय घेतला. पुढे तो नोव्हास्कोशाचा उपगव्हर्नर झाला.

लिटल हार्बर येथील बेनिंगचा ऐसपैस लाकडी वाडा १९५४ पासून राज्याच्या ताब्यात आहे. तेथील लायलॅकची झाडे प्रसिद्ध आहेत. २००३ मध्ये चेस्टनट मार्ग खोदताना गुलाम आफ्रिकी लोकांच्या शवपेट्या सापडल्या. त्यांचे स्मारक २०१५ मध्ये झाले. शहरातील कोणत्याही वाड्याआधी ते पाहावे.

रशिया–जपान युद्धाचा तह (१९०५) पैलतीरावरील नौदल गोदीत झाला. या गोदीत (स्था. १८००) पाणबुड्यांची दुरुस्ती होते. पीझ हवाईतळ १९९१ मध्ये बंद झाला. पर्यटन महत्त्वाचे.