विषाणू नेमका कोणाचा?

हरभऱ्यावरची घाटे अळी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. तिच्या शत्रूंपैकी एक म्हणजे 'कॅम्पोलेटिस क्लोरिडी' ही लहानशी परजीवी गांधीलमाशी. मादी कोवळ्या अळीच्या अंगात नळी खुपसून अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू अळीला आतून खाते आणि शेवटी बाहेर येऊन कोश विणते. आता प्रश्न असा, की अळी हे सहन का करते? कीटकांच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे नसली, तरी रक्तात पहारेकरी पेशी असतात. परकी वस्तू आत शिरली की कणयुक्त पेशी तिला चिकटतात. मग 'प्लाझ्मॅटोसाइट' नावाच्या पेशी चपट्या होऊन तिच्यावर थरावर थर चढवतात. हे वेष्टन बहुधा काळे पडते आणि आतला जीव मरतो. मग गांधीलमाशीचे अंडे कसे वाचते?

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जॉर्ज सॉल्ट यांनी हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. पिठात होणाऱ्या एका पतंगाची अळी आणि तिच्यात वाढणारी 'व्हेंचुरिया' ही गांधीलमाशी (तेव्हाचे नाव 'नेमेरिटिस') त्यांनी अभ्यासासाठी निवडली. १९६५ साली त्यांनी दाखवून दिले, की अंडाशयाच्या वरच्या भागातून काढलेले अंडे अळीच्या शरीरात ठेवले तर त्याच्यावर वेष्टन चढते. अंडाशयाच्या शेवटी 'कॅलिक्स' नावाचा भाग असतो. तो ओलांडून आलेले अंडे मात्र सुरक्षित राहते. म्हणजे अंड्याला संरक्षण मिळते ते वाटेत! १९६७ मध्ये सुसान रॉदरम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा अंड्यांवर अतिसूक्ष्म कणांचा लेप पाहिला. हे कण दिसायला विषाणूंसारखे होते.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. १९७५ साली विन्सन आणि स्कॉट यांना दुसऱ्या एका गांधीलमाशीच्या अंड्यांभोवती डीएनए असलेले कण आढळले. १९८१ मध्ये एडसन, विन्सन, स्टोल्ट्झ आणि समर्स यांनी 'कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिस' या माशीवर केलेला प्रयोग तर वर्गात फळ्यावर मांडावा असा आहे. नुसती अंडी अळीच्या शरीरात सोडली, तेव्हा त्यांच्यावर वेष्टन चढले. अंड्यांबरोबर शुद्ध केलेला विषाणू दिला, तेव्हा अंडी वाचली. अतिनील किरणांनी निष्क्रिय केलेला विषाणू दिला, तेव्हा मात्र वेष्टन पुन्हा चढले. शेवटची पायरी महत्त्वाची. या किरणांचा मुख्य आघात डीएनएवर होतो. तेव्हा नुसता कणांचा लेप येथे पुरेसा नव्हता. विषाणूची जनुके अळीच्या शरीरात कामाला लागणे आवश्यक होते. त्यांच्या प्रभावाने प्लाझ्मॅटोसाइट पेशींची संख्या घटते आणि उरलेल्यांना नीट पसरता येत नाही. पहारेकरी असून नसल्यासारखे होतात.

या विषाणूंचा डीएनए लहानमोठ्या अनेक वर्तुळांत विभागलेला असतो. म्हणून १९८४ साली त्यांच्या कुलासाठी 'पॉलिडीएनए' हा शब्द असलेले नाव सुचवले गेले. पण त्यांची वागणूक विषाणूला न शोभणारी होती. अळीच्या शरीरात ते वाढत नाहीत. त्यांची निर्मिती होते ती फक्त मादी गांधीलमाशीच्या कॅलिक्समध्ये, आणि त्या मादीला त्यांचा काहीच त्रास होत नाही. शिवाय अंडाशय नसलेला नरही हा वारसा पुढच्या पिढीला देऊ शकतो, हे १९८६ साली दिसून आले. १९९१ मध्ये फ्लेमिंग आणि समर्स यांनी खुलासा केला, की विषाणूचा डीएनए माशीच्या स्वतःच्या डीएनएमध्येच गुंफलेला असतो. जन्मलेल्या प्रत्येक माशीला तो आईबापांकडून मिळतो.

मग हा मुळात विषाणू होता तरी का? २००९ साली फ्रान्समधील संशोधकांनी 'ब्रॅकोनिड' गटातील गांधीलमाश्या तपासल्या. कण तयार करणारी त्यांची जनुके 'न्यूडीव्हायरस' या खऱ्याखुऱ्या विषाणूंच्या जनुकांशी जुळली. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी एका पूर्वज माशीच्या डीएनएमध्ये असा विषाणू शिरला आणि तेथेच राहिला. कण घडवणारी ही जनुके आता कणांत भरली जात नाहीत, ती माशीकडेच राहतात. कणांतून अळीकडे जातात ती तिला नि:शस्त्र करणारी जनुके. कॅम्पोलेटिसच्या गटात हीच गोष्ट वेगळ्या विषाणूपासून स्वतंत्रपणे घडली, असे २०१० मध्ये दिसले. सॉल्ट यांच्या व्हेंचुरियाचा उलगडा २०१५ साली झाला. तिचे कणही न्यूडीव्हायरसपासूनच आलेले, फक्त त्यांत डीएनए उरलेला नाही. म्हणजे तेथे लेप हेच संरक्षण!

विषाणू म्हणजे रोग, अशी व्याख्या आपण सहज सांगून जातो. येथे तो अळीचा शत्रू आहे, पण तिच्यात वाढत नाही. माशीच्या शरीरात तो तयार होतो, पण तिला आजारी पाडत नाही. त्याला स्वतंत्र जीव म्हणावे, की गांधीलमाशीचा एक अवयव? आम्हांला वाटते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.