औंधची चित्रे आणि औंधचे गाणे

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. औंध संस्थानची गावे मात्र दोन्हीकडे विखुरलेली होती. औंध साताऱ्यात राहिले, आटपाडी व किर्लोस्करवाडी सांगलीत गेली. या संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रे काढीत आणि कीर्तनालाही स्वतःच उभे राहत. चित्र आणि गाणे ही एका घरची भावंडे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

१९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांनी श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे तेथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे एक शिल्पही. १९३९ साली संस्थानची राज्यघटना झाली व कारभाराची सूत्रे गावोगावच्या पंचायतींकडे गेली. १९४० साली अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ औंधास संगीतोत्सव सुरू केला. चित्रांना घर, रयतेला कारभार आणि गाण्याला उत्सव, असे हे तीन वर्षांतले देणे. १९४८ साली संस्थान विलीन झाले. चित्रे भिंतीवर राहिली. गाणे मात्र माणसांनीच पुढे न्यावे लागले. मिरजेस विद्यादान करणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे शिष्य अंतुबुवा, अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा (१९११–१९८७) आणि त्यांचे शिष्य, अशी ही वाट. राग जुना असला तरी तो ज्या संध्याकाळी गायला जातो त्या संध्याकाळचा होतो. म्हणून प्रत्येक पिढीचे गाणे तिचे समकालीन गाणे असते.

आता आमचे म्हणणे एवढेच की, एकाच गावातली ही दोन धने एका छताखाली बसवावीत. चित्रांसमोर मैफल व्हावी. ही कल्पना नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी वाद्यांच्या साथीत रामायण-महाभारत गातात आणि एकेक चित्र पुढे धरतात. तिकडे अमेरिकेत ह्यूस्टन शहरी १९७१ साली एक प्रार्थनामंदिर उघडले. मार्क रॉथको या चित्रकाराची चौदा काळपट, गंभीर चित्रे तेथे आहेत. त्या चित्रांसाठी मॉर्टन फेल्डमन यांनी संगीत रचले व ते १९७२ साली त्याच भिंतींमध्ये वाजविले गेले.

याचा कामकरी माणसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, ही मागणी कामगारांनी जगभर लढून मिळविली. त्या तिसऱ्या आठ तासांत काय भरायचे, हा प्रश्न मात्र आम्ही चळवळीतल्या माणसांनी फारसा विचारला नाही. सांगलीच्या हळदपेठेतला हमाल सुटीच्या दिवशी संग्रहालयात गेला, तर रांगेतून चालता चालता शंभर चित्रे पाहतो आणि त्यांतले एकही त्याच्याबरोबर घरी येत नाही. त्याच्या डोळ्यांत उणे काही नसते. त्याला कोणी बसू दिलेले नसते. विलंबित ख्याल त्याला बसवील. तंबोरे जुळेपर्यंत, अस्ताई-अंतरा होईपर्यंत समोरचे एकच चित्र त्याच्या नजरेखाली राहील. गाणे त्या चित्राचा अर्थ सांगणार नाही; पाहायला लागणारा वेळ देईल.

अडचणी आहेत. दगडी दालनात आवाज घुमतो. म्हणून सतरंज्या अंथराव्यात, ध्वनिक्षेपक टाळावा. गर्दीच्या श्वासाने दमटपणा वाढतो व तो चित्रांना मानवत नाही. म्हणून श्रोते मोजके घ्यावेत आणि मैफली अधिक कराव्यात. प्रखर दिवे नकोत, धूप-उदबत्ती नको. श्रोते मोजकेच घ्यायचे म्हटल्यावर पहिल्या रांगा कोणाला, हा प्रश्न येतोच. मानकऱ्यांच्या खुर्च्या तेथे मांडल्या, तर दरबार गेला आणि दरबारी रीत उरली, असे होईल.

ज्या राजाने कारभार रयतेच्या हाती दिला, त्याची चित्रे आणि त्याच्या गावचे गाणे रयतेने मांडी घालून, निवांत घ्यावे. त्यासाठी लागतात एक दालन, दोन तंबोरे आणि सुटीची एक संध्याकाळ. ती संध्याकाळ कामकऱ्याला मिळवून देणे हे कामगार संघटनेचेच काम आहे, असे आम्ही मानतो.